आईच्या पोटात पाणी झालंय, आणि डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने पेशी घेऊ

पत्र: "मावशी, नमस्कार. मी गोव्यातल्या साखळीची. आई ५८ वर्षांची, शुगर आहे. दोन महिन्यांपासून तिचं पोट फुगतंय, जेवण जात नाही, सहा किलो वजन उतरलं. सोनोग्राफीत पाणी दिसलं, दोनदा काढून तपासलं, दोन्ही वेळा रिपोर्ट आला की कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. टीबीसाठी पाण्यात बघतात ते एडीए ३१ आलं. कॅन्सरसाठी रक्तात बघतात ते सीए-१२५ मात्र ४८०. सीटी स्कॅनमध्ये लिहिलंय पोटाच्या पडद्यावर बारीक दाणे आहेत, अंडाशय थोडं मोठं वाटतंय, कॅन्सर किंवा टीबी दोन्ही असू शकतं. आता डॉक्टर म्हणतात दुर्बिणीचं ऑपरेशन करून आत बघू, पेशी आणि तुकडा घेऊ, पेशींचा अंदाज तिथल्या तिथे मिळेल. काका म्हणतात सुरी लागली की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा टीबीच्या गोळ्या दोन महिने देऊन बघा. भाऊ जहाजावर आहे, तो फोनवरून सांगतो इथे काही करू नका, थेट टाटाला न्या. चवथ तोंडावर आलीय, घरात गणपती आहे. आईला आम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही. काय करू?"

बाय, तू माझ्या लेकीच्या वयाची वाटतेस म्हणून एकेरीच बोलते.

आधी उत्तर देते, मग बाकीचं. दुर्बीण करून घे, आणि चवथ होऊन जाऊदे मग बघू असं करू नको, डॉक्टर आधीची तारीख देत असतील तर तीच घे, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला घरात बाकीची माणसं आहेत. मी डॉक्टर नाही, मी २६ वर्षं सायटोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, म्हणजे शरीरातून काढलेलं पाणी, सुईतून आलेलं थेंबभर काहीतरी, तुकडा टेकवलेली काच, हे सगळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली लावायचं काम. त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही हे शेवटी तुझे डॉक्टर ठरवणार, पण काढलेल्या त्या पेशींचं पुढे काय होतं, कुठे चांगलं होतं आणि कुठे माती होते, ते मी फार जवळून बघितलंय आणि तेवढंच तुला सांगते.

पहिली गोष्ट, दोनदा पाणी तपासून काही मिळालं नाही म्हणून तुम्ही निश्चिंतही होऊ नका आणि लॅबवाल्यांना नावंही ठेवू नका. पाण्यात पेशी सापडायला त्या आधी स्वतःहून सुटून पाण्यात पडाव्या लागतात. काही कॅन्सर भराभर पेशी सोडतात, पहिल्याच बाटलीत कळतं, आणि काही पडद्याला घट्ट चिकटून बसतात, पाण्यात लिम्फोसाइट नावाच्या रोजच्या पांढऱ्या पेशी आणि पडद्याच्याच पेशी तेवढ्या दिसतात. टीबीतही तसंच, पोटाच्या पाण्यात जंतू इतके कमी असतात की स्लाइडवर बहुतेक वेळा दिसतच नाहीत. वरून पोटात पाणी बरेच दिवस राहिलं की पडद्याच्या साध्या पेशीसुद्धा फुगतात, दोन दोन केंद्रकं दिसतात, गुच्छ करून बसतात आणि नवख्या माणसाला त्या कॅन्सरसारख्या वाटतात, या एका गोष्टीवर आमच्या लॅबमध्ये जेवढी चर्चा व्हायची तेवढी दुसऱ्या कशावर झाली नाही.

सीए-१२५ चा आकडा बघून तू घाबरलीस, साहजिक आहे, नॉर्मल ३५ पर्यंत आणि आईचं ४८०. पण बाय, पोटाच्या पडद्याला कसलाही त्रास झाला की तो पडदाच हे सीए-१२५ सोडतो, टीबीच्या बायकांमध्ये शेकड्यांनी आकडे आलेले मी पाहिलेत, टीबीचं औषध पूर्ण झाल्यावर तेच आकडे खाली आलेलेही पाहिलेत. एडीएचं म्हणशील तर साधारण ३९ च्या वर गेलं की टीबीकडे बोट जातं, ३१ म्हणजे ना इकडे ना तिकडे. आणि सीटीला दाणे दिसले तरी ते कसले आहेत ते सीटी सांगू शकत नाही, अर्ध्या सेंटीमीटरहून लहान दाणे तर बऱ्याचदा त्याला दिसतही नाहीत. म्हणजे आईचे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट एकाच जागी येऊन थांबलेत, आत बघून तिथलाच तुकडा घेतल्याशिवाय पुढचं पान उलटणार नाही, डॉक्टर दुर्बीण म्हणतात ते याच्यासाठी.

एक प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारच. आतड्यांवर चरबीचा जो पदर असतो तो जाड झाला असेल तर कधी कधी बाहेरूनच, सोनोग्राफीवर बघत सुईने तुकडा घेता येतो, भूल द्यावी लागत नाही. आईचे दाणे बारीक आहेत म्हणून बहुतेक डॉक्टरांनी तो रस्ता सोडला असेल, पण विचारायला काही हरकत नाही. आणि जठराची एंडोस्कोपी झालीय का? तुझ्या पत्रात त्याबद्दल काहीच नाही. अंडाशय मोठं दिसतं तेव्हा कधी कधी मूळ जठरात निघतं, म्हणून विचारते.

आता ऑपरेशनमध्ये होतं काय. पूर्ण भूल देतात, बेंबीजवळ सेंटीमीटरभर चिरा, त्यातून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत बघायला जागा होते, मग कॅमेरा, आणि अजून एकदोन अर्ध्या सेंटीमीटरची भोकं हत्यारांसाठी. ही काही काल परवा आलेली गोष्ट नाही, १९१० साली स्टॉकहोममध्ये याकोबियस नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या पोटात पहिल्यांदा दुर्बीण घातली ती पोटात पाणी झालेल्या पेशंटांमध्येच, म्हणजे आईसारख्यांसाठीच. सर्जन यकृताचा वरचा भाग, छातीच्या पडद्याखालची जागा, चरबीचा पदर, आतडी, अंडाशयं, खाली गर्भाशयामागची खोलगट जागा असं सगळं फिरून बघतात. टीबीत बऱ्याचदा एकसारखे पांढरे दाणे दिसतात, रवा सांडल्यासारखे, आणि मध्ये मध्ये कोळिष्टकासारखे धागे. कॅन्सरचे दाणे लहानमोठे, कडक, कुठे गोळा झालेले. पण डोळा फसतो, चांगल्या चांगल्या सर्जनचा फसतो, म्हणून तर पेशी घ्यायच्या.

पेशी घ्यायचे तीन रस्ते आहेत. जे पाणी आहे ते ओढून घ्यायचं आणि लॅबला पाठवायचं. पाणी नसेल तर साधारण २०० मिली सलाईन आत सोडून हलकेच हलवून परत ओढतात, त्याला वॉशिंग म्हणतात, आणि हे वॉशिंग फार मोलाचं असतं, जठराच्या कॅन्सरमध्ये तर आत डोळ्याला काहीही दिसत नसताना नुसत्या वॉशिंगमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या तरी तो चौथ्या स्टेजचा धरतात आणि ऑपरेशनचा सगळा बेतच बदलतो. दुसरा रस्ता, एखादी गाठ किंवा यकृतावरचा डाग असेल तर कॅमेऱ्यात बघत बघत त्यात लांब सुई घालून पेशी ओढायच्या. आणि तिसरा, जो आईच्या बाबतीत बहुतेक होईल, पडद्यावरचा दाणा चिमट्याने काढायचा आणि तो बाटलीत टाकायच्या आधी काचेवर टेकवायचा. याला इम्प्रिंट म्हणतात.

हे टेकवणं दिसायला काहीच नाही, पण सगळं तिथे आहे गं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्याच्यावरचं रक्त आधी टिपकागदाने टिपायचं नाहीतर काचेवर नुसतं रक्तच उठतं, मग काच हलकेच त्याच्यावर टेकवायची आणि सरळ उचलायची, घासायची नाही, घासलं की पेशी फाटून दोऱ्यासारख्या लांब होतात आणि वाचता येत नाहीत. उचलली की त्याच क्षणी स्पिरिटच्या बाटलीत. आम्ही नवीन मुलांना शिकवायचो की काच आणि स्पिरिट यांच्यामध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही, कारण पॅपच्या रंगासाठी काच ओली असतानाच बुडवावी लागते, पंख्याच्या वाऱ्यावर पाच सेकंद राहिली तर केंद्रक सुजतं, धूसर होतं, आणि मग बघणारा डॉक्टर बिचारा नुसता चष्मा पुसत बसतो. एकदोन काचा मात्र मुद्दाम वाळवायच्या, त्या दुसऱ्या रंगासाठी, गिम्साच्या. घाईचा रंग केला तर पंधरा वीस मिनिटांत ओटीत फोन जातो.

फोनवर काय सांगतात? टीबी असेल तर चपलेच्या तळव्यासारख्या लांबट केंद्रकाच्या पेशींचे पुंजके दिसतात, मागे गुलाबी दाणेदार कचरा. कॅन्सर असेल तर पेशी एकमेकींवर चढलेल्या, केंद्रक मोठं, कडा वेड्यावाकड्या, गडद. तिसरंही एक उत्तर असतं आणि ते तुला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे त्या दिवशी धीर सुटणार नाही, की या तुकड्यात काही कळण्यासारखं नाही, दुसऱ्या जागेचा द्या. हे उत्तर वाईट नाही, उलट याच्यासाठीच तिथल्या तिथे तपासायचं, कारण आई अजून टेबलावर आहे, सर्जन लगेच दुसऱ्या जागेचा दाणा काढू शकतात, नाहीतर आठ दिवसांनी रिपोर्ट येणार की सॅम्पल अपुरं आणि पुन्हा भूल, पुन्हा तेच.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ती गोष्ट.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलातून, नाव सांगत नाही, एका बाईचा तुकडा आमच्याकडे आला. अगदी आईसारखीच कहाणी, पाणी, दाणे, वजन कमी. दुर्बीण छान झाली, तुकडेही चांगले मोठे घेतले होते, आणि सगळेच्या सगळे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले होते. फॉर्मॅलिनने तुकडा टिकतो, बायोप्सीला तोच लागतो, पण टीबीचे जंतू त्यात मरतात, मग कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, ते लावताच येत नाही. बायोप्सीत टीबीसारखे पुंजके आले पण जंतू दिसले नाहीत, औषध सुरू केलं, दीड महिना झाला तरी उतार नाही, आता हा औषधाला न जुमानणारा टीबी आहे की आणखी काही ते ठरवायला जंतूच हातात नाही. त्या बाईला परत ऑपरेशन टेबलावर जावं लागलं, नुसत्या एका दाण्यासाठी. तिची मुलगी आमच्या काउंटरवर उभी राहून विचारत होती की तेव्हाच एक तुकडा बाजूला का नाही ठेवला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मुलगी मला अजून आठवते.

म्हणून तू ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना किंवा त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांना भेट आणि सरळ विचार, "डॉक्टर, टीबीची शंका आहे ना, मग एक तुकडा फॉर्मॅलिन न घालता सलाईनमध्ये टीबी कल्चर आणि जीनएक्स्पर्टला जाणार ना? आणि सायटोलॉजीवाल्यांना वेळ कळवलीय ना?" एवढंच. जीनएक्स्पर्ट म्हणजे तुकड्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधायची झटपट तपासणी. कोणी रागावणार नाही, चांगले डॉक्टर हे करतातच, पण ओटीत गडबड असते, ड्युटी बदलते, आणि आदल्या दिवशी कोणीतरी विचारलेलं असलं की लक्षात राहतं. फॉर्मॅलिनची एक बाटली, सलाईनची एक, पाण्याची एक, आणि स्पिरिटमधल्या काचा, एवढं त्या ओटीतून बाहेर पडायला हवं. पाणी जास्त असेल तर त्यातला गाळ घट्ट करून सेल ब्लॉक करतात, तोही करायला सांगा, पुढच्या तपासण्यांना उपयोगी पडतो.

आणि त्या दिवशी बाहेर येऊन डॉक्टर जे सांगतील तो अंदाज आहे, फायनल नाही. चांगल्या हाताने दिलेला अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, तरी केमो त्याच्यावर सुरू करत नाहीत. तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून, कापून, रंगवून, आणि कॅन्सर निघाला तर इम्युनोचे रंग लावून तो अंडाशयाचा की जठराचा की आतड्याचा, का लिम्फोमाच, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, हे ठरवावं लागतं, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं. याला आठ दहा दिवस लागू शकतात. टीबीच्या कल्चरला तर काही आठवडे. त्यामुळे ओटीबाहेर ऐकलेला शब्द लगेच फॅमिली ग्रुपवर टाकू नको, दुबईपासून पेडण्यापर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतील आणि तुला आईजवळ बसायला मिळणार नाही.

काकांचं बोलणं. सुरी लागली की पसरतो, हे आमच्याकडेही प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकलं. पूर्वी माणसं इतकी उशिरा यायची की पोट उघडून नुसतं बंद करावं लागायचं, आणि महिन्याभरात माणूस गेला की दोष सुरीवर यायचा. आईच्या बाबतीत दाणे आधीच पडद्यावर पसरलेले आहेत, त्यातला एक काढल्याने ते आणखी पसरत नाहीत, दुर्बिणीच्या भोकाच्या जागी गाठ येणं क्वचित होतं आणि सर्जन तुकडा पिशवीत घालून काढतात ते तेवढ्यासाठीच. पण काकांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे ती त्यांना मान देऊन सांग, अंडाशयाची गाठ नुसतीच असेल, बाहेर काही पसरलेलं नसेल, तर तिच्यात सुई घालायची नसते, ती फुटली तर पहिल्याच स्टेजमध्ये पायरी वर जाते, अशी गाठ अख्खी काढतात. आईचं अंडाशय थोडं मोठं आहे म्हणून हेही डॉक्टरांना विचार, तुकडा पडद्यावरून घेणार ना, अंडाशयात सुई नाही ना घालणार.

टीबीच्या गोळ्या घालून बघणं, हे मात्र नको. टीबी निघाला तर चांगलंच आहे, सहा महिन्यांचं औषध, सरकारी केंद्रात फुकट मिळतं, वर नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात, आणि बरा होणारा आजार आहे. पण अंदाजाने सुरू केलं आणि आत कॅन्सर असला तर दोन महिने गेले, त्यात त्या गोळ्यांचा यकृतावर ताण, आधीच जेवत नसलेली बाई आणखी खंगते, आणि मग केमो सोसायची ताकद राहत नाही. अंडाशयाचा निघाला तरी आज हातपाय गाळायचं कारण नाही, पसरलेल्या अवस्थेतही आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो असा रस्ता असतो आणि बऱ्याच बायका तो चालून जातात.

भावाला सांग, टाटाला न्यायचं असेल तर जरूर न्या, पण हातात काहीतरी घेऊन न्या. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा जिथे करताय तिथे दुर्बीण झाली की मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्यायच्या, तो पेशंटचा हक्क आहे, आणि परळला टाटात तेच परत तपासतात, आईला पुन्हा कापावं लागत नाही. थिवीहून कोकणकन्यात बसताना ब्लॉकची पुडी हॅन्डबॅगेत ठेव, गाडीत उन्हात सोडू नको, मेण आहे ते, वितळतं. ऑपरेशनची सीडी मिळाली तर तीही घे. आणि ज्या अवस्थेत आई आता आहे, पोटात पाणी, खाणं बंद, त्या अवस्थेत तिला बारा तासांचा प्रवास करून नुसती लाइनीत उभी करायला नेऊ नका, इथे जे होण्यासारखं आहे ते इथे होऊदे. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड रिन्यू आहे का ते आजच बघ, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण कार्ड संपलेलं निघालं की ऐनवेळी धावपळ होते.

ऑपरेशननंतरचं थोडं. खांदा दुखेल, घाबरू नका, तो हृदयाचा नसतो, आत भरलेल्या गॅसमुळे असतो, एकदोन दिवसांत जातो. भोकातून चारपाच दिवस पिवळसर पाणी झिरपू शकतं, पट्टी बदलत राहा, पण ताप आला, पाणी गढूळ झालं किंवा पोट कडक झालं तर लगेच हॉस्पिटल. शुगरच्या गोळ्या त्या दिवशी कुठल्या घ्यायच्या आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर किती दिवस आधी बंद करायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, तोंडी नको. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हो म्हणाले की तिला ऊन पेज दे, मीठ घालून, बऱ्याच जणांना तीच पहिली आत राहते.

आणि आईला सांग. सगळं नाही, पण खरं सांग. तिचं पोट आहे, तिला रात्री झोप येत नाही, दोनदा सुई घालून पाणी काढलंय, तिला काहीच कळत नाही असं तुम्हाला वाटतंय तेवढंच. मी लॅबमधून वॉर्डात नमुने आणायला जायचे तेव्हा बायका मला हळूच विचारायच्या, "बाय, माझ्या पाण्यात काय आलं गो?" घरच्यांनी काही सांगितलेलं नसायचं आणि त्यांना ते माहीतही असायचं, म्हणून त्या एका परक्या बाईला विचारायच्या. तिच्याजवळ बसून म्हण, "आई, पोटात दाणे दिसतात, टीबी आहे की दुसरं काही ते बघायला दुर्बीण घालणार, कळलं की तुला आधी सांगीन." पुढे ती विचारेल तेवढं सांग, नाही विचारलं तर गप्प बस आणि हात धरून बस.

बायोप्सीचा कागद आला की त्यात शेवटी इम्युनोची ओळ असेल, पीएएक्स-८, सीके-७ असं काहीतरी लिहिलेलं, तेवढ्या ओळीचा नीट फोटो काढून मला पाठव, त्यातलं काय कशाला म्हणतात ते मी समजावून सांगेन, आणि सलाईनची बाटली गेली की नाही तेही कळव.